आजाराचे निकष बदलले की आमच्या टेबलावर काय बदलते?

निंबोणी

गेल्या महिन्यात पासष्टीच्या एक बाई सुनेबरोबर माझ्याकडे आल्या. सुनेने पिशवीतून प्लास्टिकच्या फायलीत जपलेले कागद काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. सर्वांत जुना कागद १९८८ सालचा होता, घडीवर फाटलेला आणि मागून चिकटपट्टी लावलेला. त्यावर निळ्या शाईत 'हिस्टेरिकल न्यूरोसिस' असे लिहिले होते. दुसरा २००३ सालचा. त्यावर 'एफ ४४.३' एवढाच संकेतांक. तिसऱ्या, २०१६ सालच्या छापील कागदावर 'डिसोसिएटिव्ह डिसऑर्डर', म्हणजे भान किंवा ओळख तुटण्याचा विकार, आणि त्यापुढे पेनने काढलेले प्रश्नचिन्ह. बाईंच्या अंगात तेव्हाही येत असे आणि आताही येते. सुनेने विचारले, "मॅडम, आईंना तीन वेगवेगळे आजार झालेत का?"

तीन आजार झालेले नव्हते. पहिला कागद लिहिला गेला तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या वर्गीकरणाची नववी आवृत्ती चालू होती आणि तिच्यात न्यूरोसिसच्या पोटात हिस्टेरिया होता. दहाव्या आवृत्तीने हिस्टेरिया हा शब्द बाजूला सारला आणि भान हरपणे व अंगात येणे यांना मिळून एक संकेतांक दिला. अकराव्या आवृत्तीने त्या एकाचे दोन केले आहेत: ज्यात भान आकुंचित होते पण माणसाची ओळख तीच राहते ती एक अवस्था, आणि ज्यात त्याच्या ओळखीची जागा देवी, भूत किंवा दुसरी एखादी शक्ती घेते ती वेगळी. एक अट मात्र दहाव्या आवृत्तीतही होती आणि अकराव्यातही कायम आहे, ती म्हणजे हा प्रकार नकोसा आणि इच्छेविरुद्ध घडणारा असावा व समाजाने मान्य केलेल्या धार्मिक आचाराचा भाग नसावा. आता या बाईंना नवरात्रात आरतीच्या वेळी चारचौघींबरोबर वारे येते, खणानारळाने ओटी भरली की ते शांत होते, आणि त्याबद्दल घरात कोणाची तक्रार नाही. गेल्या वर्षापासून मात्र तेच आडवारी, स्वयंपाकघरात, गॅस पेटलेला असतानाही येऊ लागले आहे आणि त्यानंतर त्या दिवसभर रडतात. निकषांप्रमाणे पहिला प्रकार आजार नाही. दुसरा असू शकतो. हे सगळे सुनेला समजेल अशा भाषेत सांगायला मला पाऊण तास लागला, आणि बाहेर तीन माणसे खोळंबली होती.

हा धागा त्या पाऊण तासाबद्दल आहे. निकषांमधील बदलांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा समित्या, वाद आणि औषध कंपन्या यांच्याविषयी असते. बदल झाल्यावर तो रुग्णापर्यंत पोचवण्याचे काम ज्यांच्या गळ्यात पडते त्यांच्याविषयी मराठीत फारसे वाचनात आलेले नाही. मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून एकवीस वर्षे काम करते आहे.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. आमच्याकडे दोन पोथ्या आहेत. एक डीएसएम, जी अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशन काढते. तिची पहिली आवृत्ती १९५२ सालची, लक्षणांच्या मोजणीने निदान करण्याची आजची पद्धत १९८० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासूनची, पाचवी आवृत्ती मे २०१३ मध्ये आली आणि त्या पाचवीचीच सुधारित संहिता मार्च २०२२ मध्ये. दुसरी आयसीडी, जिच्यात मनाच्याच नव्हे तर सगळ्याच आजारांचे वर्गीकरण असते. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली, अकरावी मे २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. चिकित्सकांना प्रत्यक्ष हाताशी घेऊन वापरता येईल असे तिचे सविस्तर पुस्तक मात्र २०२४ मध्ये हाती आले. भारतात नोंद आयसीडीप्रमाणे करायची आणि चर्चेत, परीक्षेत व शोधनिबंधात डीएसएमही उद्धृत करायचे, असे आमच्या पिढीचे शिक्षण दोन डगरींवर पाय ठेवून झाले.

सर्वांत जास्त बोलावे लागले ते स्वमग्नतेबद्दल. २०१३ साली डीएसएमने ऑटिझम, ॲस्पर्जर (बोलणे व बुद्धी यांत मोठी उणीव नसलेला त्याच्याच जवळचा प्रकार) आणि 'अन्यत्र न बसणारे' असे वेगवेगळे कप्पे काढून टाकून एकच वर्णपट केला, आणि पुढे आयसीडीनेही तेच केले. शास्त्र म्हणून मला हा बदल पटतो, कारण तेच मूल एका केंद्रात ॲस्पर्जर ठरे आणि दुसऱ्या केंद्रात सौम्य ऑटिझम. पण नववीतल्या ज्या मुलाच्या अहवालावर मी स्वतः २०१० साली ॲस्पर्जर असे लिहिले होते, त्याच्या आईने पुढच्या अहवालावर ऑटिझम हा शब्द वाचला आणि विचारले, "म्हणजे त्याचं वाढलं का?" पुस्तकात एक टीप आहे की जुने निदान नीट प्रस्थापित असेल तर त्या व्यक्तीला नव्या नावाखाली घ्यावे. या एका टिपेने संशोधकांचे काम झाले. त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला तीन भेटी लागल्या, त्यांतली एक वडिलांबरोबर आणि एक आजीबरोबर.

भरीस भर म्हणून डीएसएमने तीन पातळ्या दिल्या, त्या मुलाला किती आधार लागतो यावर. आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी 'इसा' ही भारतीय मापनश्रेणी वापरतात. तिच्यात चाळीस प्रश्न असतात आणि ७० पासून १०६ पर्यंत गुण म्हणजे सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. तिथेही तीन पायऱ्या, इथेही तीन, आणि पालकांना साहजिकच वाटते की दोन्ही एकच. तसे नाही. पहिली पातळी लिहिलेले मूल सत्तरच्या अलीकडेच घुटमळताना मी अनेकदा पाहिले आहे, आणि मग अहवालात आजार आहे पण प्रमाणपत्रापुरता नाही, हे सांगण्याची पाळी येते.

दुसरा बदल शोकाचा. २०१३ पूर्वी डीएसएममध्ये सवलत होती की जवळचे माणूस गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांतली लक्षणे, फारच गंभीर नसतील तर, नैराश्याचा आजार म्हणून धरू नयेत. पाचव्या आवृत्तीने ती सवलत काढली आणि मोठा गहजब झाला. मग २०२२ मध्ये 'लांबलेला शोक' असा स्वतंत्र विकार आला. डीएसएम म्हणते की प्रौढांच्या बाबतीत किमान बारा महिने उलटलेले असावेत. आयसीडी म्हणते किमान सहा, आणि तो शोक त्या समाजाच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त असावा. आपल्याकडची रीत काय आहे? वर्षश्राद्ध होईपर्यंत अनेक घरांत सण होत नाहीत, दिवाळीचा फराळ शेजारी आणून देतात, आणि सहाव्या महिन्यात कोणी हसू लागले तर नातेवाइकांच्या भुवया वर जातात. माझ्याकडे येणारे एक गृहस्थ पत्नी जाऊन सात महिने झाले तरी दर महिन्याला तिच्या मोबाइलचे रिचार्ज करतात. एका पोथीप्रमाणे त्यांचा विचार करता येईल, दुसरीप्रमाणे अजून पाच महिने थांबायचे. मी निदान लिहिले नाही. झोप आणि जेवण यांवर काम चालू आहे. ते विचारतात, "मी वेडा होतोय का?" मी नाही म्हणते, आणि ते उत्तर कोणत्या पानावरून दिले हे त्यांना विचारावेसे वाटत नाही, याचे मला बरे वाटते.

इतर व्यावसायिकांचे, आणि ज्यांच्या कागदावरचे नाव मध्येच बदलले त्यांचेही, अनुभव वाचायला आवडतील.

घाटमाथा

निंबोणीताई, धागा काढल्याबद्दल आभार. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ आहे. आपल्याकडे पाऊण तास होता. माझ्या ओपीडीत एका सकाळी ऐंशी-नव्वद केसपेपर होतात, त्यामुळे माझे अनुभव थोडे वेगळे आहेत. देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता नाही, तो पाऊण आहे, आणि त्यांतले बहुतेक शहरांत बसतात, हे लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

आमच्याकडे नोंद लवकर व्हावी म्हणून सिस्टरांनी 'एफ २०.०' असा रबरी शिक्काच करून घेतला होता. एफ २०.० म्हणजे पॅरानॉइड, म्हणजे संशय आणि भास ठळक असलेला, स्किझोफ्रेनिया. डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीने आणि आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीने पॅरानॉइड, कॅटॅटोनिक (हालचाली गोठलेला किंवा विचित्र झालेला) वगैरे उपप्रकार रद्द केले, कारण ते वर्षानुवर्षे टिकत नाहीत आणि उपचार ठरवायलाही फारसे उपयोगी पडत नाहीत. त्यांच्याऐवजी आयसीडी सांगते की सहा बाजू वेगवेगळ्या पाहा: भास-भ्रम, निरिच्छता व बोथटपणा, नैराश्य, उन्माद, हालचालींतले बदल आणि आकलन, आणि प्रत्येकाची तीव्रता नोंदवा. पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. नव्वद केसपेपर गुणिले सहा म्हणजे किती होतात, हे समितीतल्या कोणी मोजले असावे असे वाटले नाही.

तरीही मी ते काही रुग्णांसाठी वापरून पाहिले आणि मत थोडे बदलले. एक चाळिशीचा माणूस बारा वर्षे माझ्याकडे येतो. कानात आवाज येणे केव्हाच थांबले आहे, पण तो अंघोळ करत नाही, शेतावर जात नाही, ओट्यावर बसून राहतो. जुन्या शिक्क्याखाली मी दर महिन्याला तेच औषध पुढे चालवत होतो, कारण कागदावर पॅरानॉइड लिहिलेले होते आणि तो संशयी तर आता नव्हता, म्हणजे 'बरा' होता. सहा बाजू लिहिल्यावर भास-भ्रमापुढे 'नाही' आणि निरिच्छतेपुढे 'तीव्र' असे आले, आणि प्रश्न औषध वाढवण्याचा नसून त्याला हळूहळू कामाला लावण्याचा आहे हे माझ्याच अक्षरात माझ्यासमोर आले. सोशल वर्करला तो कागद दाखवला तेव्हा तिने मला काही विचारले नाही, थेट त्याच्या भावाला बोलावून घेतले. शिक्का अजून खणात आहे. नवे संकेतांक संगणकाच्या यादीत नसल्यामुळे महिन्याच्या अहवालासाठी तो अजून लागतो.

व्यक्तिमत्त्व विकारांबाबत अकराव्या आवृत्तीने फार मोठी उलथापालथ केली आहे. पूर्वी 'कोणत्या प्रकारचा' हे ठरवावे लागे. आता आधी 'किती', म्हणजे सौम्य, मध्यम की तीव्र, आणि मग हवे असल्यास स्वभावातले ठळक कल. बॉर्डरलाइन (भावना आणि नाती सतत अस्थिर असणारा प्रकार) हा शब्द तेवढा चिकित्सकांच्या आग्रहामुळे जोडपट्टीसारखा राहिला. माझ्या मते हा बदल चांगला आहे. अडचण अशी की मानसशास्त्रीय चाचण्यांचे अहवाल अजून जुन्याच प्रकारांच्या भाषेत येतात, आणि डीएसएमने मुख्य भागात जुने दहा प्रकारच ठेवले आहेत.

आणखी एक फरक खेड्यापाड्यांत फार महत्त्वाचा ठरतो. स्किझोफ्रेनिया म्हणायला डीएसएमला सहा महिने लागतात, आयसीडीला एक. उलट आयसीडीमध्ये तीव्र व अल्पकालीन सायकोसिस (वास्तवाचे भान सुटण्याची अवस्था) नावाचे निदान आहे, ज्यात सगळे तीन महिन्यांच्या आत आटोपते. आमच्याकडे असे रुग्ण बरेच येतात: आठ दिवसांत बिघडलेले, महिन्याभरात पुन्हा गुरांमागे गेलेले. अशा मुलीच्या कागदावर घाईने स्किझोफ्रेनिया लिहिला तर तिचे लग्न मोडते. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. कागद घेऊन सासरची माणसे माझ्याकडे विचारायला आलेली आहेत.

एका_मुलाची_आई

इथे पहिल्यांदाच लिहीत आहे. निंबोणीताईंनी लिहिलेला "त्याचं वाढलं का?" हा प्रश्न मीही विचारला होता, वेगळ्या गावात आणि वेगळ्या डॉक्टरांना. त्यांनी हसून "नावात काय आहे" असे उत्तर दिले. नावात पुष्कळ होते. माझ्या मुलाने ॲस्पर्जर हा शब्द स्वतः शोधून काढला होता, त्याबद्दल वाचले होते, मित्रांना सांगितले होते. तो शब्द गेला तेव्हा तो मला म्हणाला की त्याला न विचारता त्याचे आडनाव बदलले. पुढे हान्स ॲस्पर्जर या डॉक्टरचा नाझी राजवटीतल्या बालहत्येच्या कार्यक्रमाशी असलेला संबंध २०१८ साली पुराव्यानिशी समोर आला आणि त्याने ते वाचले, तेव्हा त्याने तो शब्द आपणहून सोडला. पण ते त्याने ठरवले होते.

माझी एक व्यावहारिक शंका आहे. त्याचे जुने अहवाल जुन्या नावाने आहेत आणि आता महाविद्यालयात सवलतीसाठी नवा अहवाल मागत आहेत. जुने जोडले तर गोंधळ होईल का?

निंबोणी

ताई, आपल्या मुलाचे आडनावाचे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे, आपली हरकत नसेल तर.

जुने अहवाल जरूर जोडावेत. लहानपणापासून लक्षणे होती याचा पुरावा तेच आहेत, आणि स्वमग्नतेच्या निदानात बालपणीचा इतिहास लागतोच. नव्या अहवालात एक ओळ लिहून घ्यावी: 'अमुक साली तमुक निकषांनुसार केलेले निदान आता या नावाखाली मोडते; व्यक्तीच्या स्थितीत त्यामुळे बदल झालेला नाही.' ती ओळ मी गेली दहा वर्षे प्रत्येक अशा अहवालात लिहिते. समोरचा कारकून ती वाचतो आणि पुढे प्रश्न विचारत नाही.

वकीलबाई

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, पण या विषयाची एक बाजू कायद्यात आहे आणि ती व्यावसायिकांना माहीत असावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ३ नुसार मानसिक आजार आहे की नाही हे केंद्र सरकार अधिसूचित करील अशा राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकांनुसार ठरवायचे आहे, आणि त्यात आयसीडीच्या 'अद्ययावत आवृत्ती'चा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे जिनिव्हात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्यालयात, झालेला बदल आपल्या न्यायालयात वाचला जाऊ शकतो. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक समजुतींशी न जुळणे हे आजार ठरवण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरून आजचे निदान समर्थनीय ठरत नाही. निंबोणीताईंच्या टेबलावरचे तीन कागद घटस्फोटाच्या दाव्यात कसे वापरले जातात ते मी पाहिले आहे, म्हणून शेवटचा मुद्दा मुद्दाम लिहिला.

गंमत म्हणजे हाच कायदा आपल्या व्याख्येत अजून 'मेंटल रिटार्डेशन' हा शब्द वापरतो, तोही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'बौद्धिक अक्षमता' असे म्हटल्यानंतर.

बदल न पोचल्याने काय होते याचे मोठे उदाहरण समलैंगिकतेचे आहे. डीएसएममधून ती १९७३ च्या डिसेंबरात निघाली आणि आयसीडीमधून १९९० साली. पण आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीत एफ ६६.१ अशी एक फट राहिली होती: आपल्या लैंगिक कलाबद्दल स्वतः अस्वस्थ असणाऱ्याचे निदान. कल हा आजार नाही असे तिथेच लिहिलेले असूनही, घरच्यांनी ओढत आणलेल्या मुलाला 'बदलण्याचे' उपचार देणाऱ्यांना लिहायला एक संकेतांक मिळत होता. अकराव्या आवृत्तीने तो गटच काढून टाकला. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये असे उपचार करणाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेश दिला आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ते व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे कळवले. ज्यांच्याकडे अजून दहाव्या आवृत्तीचे निळे पुस्तक आहे त्यांनी ते पान उघडण्यापूर्वी हे लक्षात ठेवलेले बरे.

हडसनकाठ

न्यू जर्सीत क्लिनिकल सोशल वर्कर म्हणून काम करते, मूळची सांगलीची. तुम्हाला वाटत असेल की डीएसएम जिथे तयार होते तिथे तरी सगळे सुरळीत असेल. डीएसएमने २०१३ साली ॲस्पर्जर काढून टाकले. पण इथे विम्याची बिले ज्या संकेतांकांवर निघतात ती आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीची अमेरिकी प्रत आहे, ती ऑक्टोबर २०१५ मध्ये लागू झाली, आणि तिच्यात ॲस्पर्जरचा एफ ८४.५ अजून तसाच आहे. म्हणजे आम्ही निदान एका पुस्तकातून करतो आणि पैसे दुसऱ्या पुस्तकातून मागतो.

२०१३ पर्यंत प्रत्येक रुग्णाला शून्य ते शंभरमध्ये एक आकडा द्यावा लागे, त्याचे रोजचे जगणे किती नीट चालले आहे याचा. पाचव्या आवृत्तीने पाच अक्षांची, म्हणजे प्रत्येक रुग्णाची पाच वेगळ्या रकान्यांत नोंद करण्याची, पद्धत मोडली आणि तो आकडाही गेला. विमा कंपन्यांचे फॉर्म मात्र लगेच बदलले नाहीत. काही दिवस आम्ही पुस्तकात नसलेला आकडा फॉर्ममध्ये भरत होतो.

शोकाच्या मुद्द्याबद्दल माझे मत निंबोणीताईंपेक्षा थोडे वेगळे आहे. इथे विमा बहुधा निदानाला पैसे देतो, दुःखाला देत नाही. लांबलेल्या शोकाला २०२२ च्या ऑक्टोबरपासून स्वतंत्र संकेतांक मिळाला, त्यामुळे ज्या विधवेला मी पूर्वी नाइलाजाने नैराश्याचा शिक्का मारत असे, तिचे खरे दुखणे आता लिहिता येते. आजार वाढवून ठेवले, ही टीका मला माहीत आहे. पण टीका करणाऱ्याला बिल पाठवावे लागत नाही. अर्थात बारा महिने पूर्ण होईपर्यंत काय लिहायचे, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे माझ्याकडचे उत्तर इथे जाहीर लिहिण्यासारखे नाही.

शंकेखोर

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मी अभियंता आहे, म्हणून उद्धटपणे विचारतो. समलैंगिकता आजार आहे की नाही हे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी मतदान करून ठरवले असे वाचले आहे. मधुमेहावर कोणी मतदान घेत नाही. दर दहा-वीस वर्षांनी आजार येणार-जाणार असतील तर याला विज्ञान का म्हणायचे?

घाटमाथा

प्रश्न उद्धट नाही, पण क्रम थोडा उलटा आहे. १९७३ मध्ये निर्णय अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या विश्वस्त मंडळाने घेतला. तो उलटवावा म्हणून विरोधकांनी १९७४ मध्ये सर्व सदस्यांचे मतदान घ्यायला लावले, आणि ५,८५४ विरुद्ध ३,८१० मतांनी निर्णय टिकला. मतदान शास्त्र थांबवण्यासाठी मागितले गेले होते. आणि मधुमेहाबद्दल म्हणाल तर उपाशीपोटी साखरेची मर्यादा १४० वरून १२६ वर तज्ज्ञांच्या समितीनेच १९९७ साली आणली. एका रात्रीत किती माणसे मधुमेही झाली असतील ते पाहा. फरक असा की तिथे मोजायला साखर आहे. आमच्याकडे माणसाचे बोलणे आहे.

निकषांची गरज का पडली हेही सांगतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क आणि लंडन इथल्या निदानांची तुलना झाली, तेव्हा न्यूयॉर्कचे डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणत त्यांतल्या अनेकांना लंडनचे डॉक्टर उन्माद किंवा नैराश्य म्हणत असल्याचे दिसले. रुग्णांत तेवढा फरक नव्हता; तो डॉक्टरांत होता. १९८० सालची मोजणीची पद्धत ही त्यावरची तोड होती. ती पुरती यशस्वी झाली असे मी म्हणणार नाही. डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीच्या क्षेत्रचाचण्यांत दोन चिकित्सकांनी एकाच रुग्णाला वेगवेगळे तपासले, तेव्हा आघातोत्तर तणावासाठी एकमताचा गुणांक ०.६७ आला, तर नैराश्यासाठी, जे आम्ही रोज वीस वेळा लिहितो, ०.२८. एक म्हणजे पूर्ण एकमत आणि शून्य म्हणजे नुसता योगायोग, हे तुम्हाला सांगायला नको. हा आकडा मी माझ्या निवासी डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात सांगतो, म्हणजे शिक्का मारताना हात जरा जड होतो.

नवी_पाटी

मी क्लिनिकल सायकॉलॉजीचे प्रशिक्षण घेत आहे. आमच्या विभागात एक सर दहाव्या आवृत्तीप्रमाणे नोंद मागतात, दुसऱ्या मॅडम अकराव्याप्रमाणे, आणि परीक्षेत डीएसएम विचारतात. केस रेकॉर्डमध्ये नक्की काय लिहावे? आणि निंबोणीताई, त्या बाईंच्या चौथ्या कागदावर तुम्ही शेवटी काय लिहिले?

निंबोणी

विभाग सांगेल तो संकेतांक लिहावा आणि त्यापुढे आवृत्ती व साल न विसरता लिहावे, कारण पंधरा वर्षांनी तो कागद उघडणाऱ्याला तेवढाच आधार असतो. पण संकेतांकाच्या आधी, निदान हा शब्द कुठेही न वापरता, जे दिसले ते पाच-सहा वाक्यांत लिहून ठेवावे. १९८८ च्या त्या फाटक्या कागदाच्या मागच्या बाजूला कोणा डॉक्टरांनी मराठीत दोन ओळी लिहिल्या होत्या: 'मोठी जाऊ वारल्यापासून सुरुवात. आधी घुमते, मग जावेच्या आवाजात बोलते.' नंतरच्या दोन्ही कागदांवर जावेचा उल्लेख नाही. मी विचारले तेव्हा सुनेला ते माहीतच नव्हते, आणि बाई बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "अजून तीच येते."

चौथ्या कागदावर आधी ते वाक्य लिहिले. नवरात्रातले आणि स्वयंपाकघरातले प्रसंग वेगळे करून, गेल्या वर्षभरातले किती आणि कधी, ते सुनेला विचारून नोंदवले. संकेतांक अकराव्या आवृत्तीचा लिहिला, त्यापुढे 'तात्पुरते', आणि खाली जुने तिन्ही संकेत त्यांच्या सालांसह एका ओळीत. गॅसजवळ एकटे न राहण्याबद्दल सुनेला वेगळी चिठ्ठी दिली. पुढची भेट येत्या गुरुवारी आहे.